जिल्ह्याच्या ऊर्जासंपत्तीची मोजदाद : तुमकूरच्या निमित्ताने काही आक्षेप

एखादा अवर्षणप्रवण जिल्हा घ्यावयाचा. त्यातील पिकांचे क्षेत्र, गुरांची संख्या, पडीक जमीन, सूर्यप्रकाशाचे वार्षिक मान व वाऱ्याचा सरासरी वेग यांचे आकडे सरकारी प्रकाशनांतून उतरून घ्यावयाचे. प्रत्येकास एका ठराविक गुणकाने गुणावयाचे. आणि आलेल्या गुणाकारांची बेरीज त्या जिल्ह्याची अक्षय ऊर्जेची ‘संभाव्य क्षमता’ म्हणून मांडावयाची, अशी एक लेखनपद्धती आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. या पद्धतीने लिहिलेल्या प्रबंधाचा शेवटही बहुधा ठरलेला असतो : क्षमता गरजेच्या कितीतरी पट आहे, उणीव आहे ती इच्छाशक्तीची. अशा प्रबंधांत गणिताची चूक क्वचितच सापडते. ज्या वस्तूचे गणित मांडले ती वस्तू खरोखर तेथे आहे काय, आणि असल्यास आज ती कोणाच्या उपयोगात आहे, हे मात्र विचारलेले आढळत नाही. आणि आमचा आक्षेप आहे तो येथे.

या आक्षेपाचे विवरण करण्यासाठी कर्नाटकातील तुमकूर जिल्हा (2014 पासून अधिकृत नाव तुमकूरु) आम्ही मुद्दाम निवडला आहे. सुमारे 10,600 चौरस किलोमीटर क्षेत्राच्या व 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 26 लक्ष 79 हजार वस्तीच्या या जिल्ह्यात गेल्या पन्नास वर्षांत ऊर्जासाधनांचा विचार तीन वेळा, तीन निरनिराळ्या दृष्टींनी झाला. प्रथम 1970 नंतरच्या दशकात कुणिगल तालुक्यातील खेड्यांत. नंतर 2001 पासून लाकडाच्या वायूवर वीज करण्याच्या प्रकल्पात. आणि शेवटी 2016 नंतर पावगड तालुक्यात, जेथे सौर विजेचे एक प्रचंड क्षेत्र उभे राहिले. एकाच जिल्ह्याची ही तीन मोजमापे शेजारी ठेवली, म्हणजे मापकाच्या दृष्टीवर माप किती अवलंबून असते हे ध्यानात येते.

पहिल्या प्रयत्नाची हकिकत आजच्या विद्यार्थ्याने तपशिलाने वाचावी अशी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञान यांचा उपयोग करण्याचे एक केंद्र निघाले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘अस्त्र’ असे नाव सिद्ध झाले. या मंडळींनी कुणिगल तालुक्यातील उंग्र येथे ठाण मांडून आसपासच्या सहा खेड्यांत घरोघर जाऊन सरपण, रॉकेल, वीज, बैलांचे श्रम व माणसांचे श्रम या सर्वांची नोंद केली. 1982 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील पुरा हे 56 घरांचे, 357 वस्तीचे गाव पुढे ऊर्जाविषयक वाङ्मयात प्रसिद्धीस आले. या गावी वापरल्या जाणाऱ्या एकंदर ऊर्जेपैकी सुमारे 89 टक्के सरपणाची व 7 टक्के माणसांच्या श्रमाची होती. रॉकेल, बैल व वीज या तिघांच्या वाट्याला मिळून उरलेले चार टक्के आले. माणसांच्या श्रमांतही निम्म्याहून अधिक वाटा स्त्रियांचा होता, मुलांचा वाटाही उपेक्षणीय नव्हता, आणि हे श्रम मुख्यतः जनावरे चारणे, स्वयंपाक करणे, सरपण गोळा करणे व पाणी आणणे यांतच खर्ची पडत होते.

या मोजणीचे महत्त्व तिच्या टक्केवारीपेक्षा तिच्या प्रारंभबिंदूत आहे. देशात ऊर्जा किती आहे असे विचारण्याऐवजी तिने घरात काय जळते, कोण आणते व किती वेळात आणते, असे विचारले. 1965 च्या ऊर्जा सर्वेक्षण समितीने सर्व इंधनांचे रूपांतर कोळशाच्या मापात केले होते. राष्ट्रीय नियोजनासाठी ते सोयीचेच होते, परंतु डोक्यावरून आणलेल्या मोळीला त्या मापात वजन असते, अंतर नसते. अर्थात ‘अस्त्र’च्या मोजणीवरही एक आक्षेप घेता येतो. 89 टक्के हा आकडा चुलीत घातलेल्या उष्णतेचा आहे, भांड्यास पोहोचलेल्या उष्णतेचा नव्हे. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामी येतो. एक किलो लाकडात 4,000 किलोकॅलरी धरल्या, तर अन्न शिजविण्यास मिळतात 400. उलटपक्षी एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमधील सुमारे 10,900 किलोकॅलरींपैकी साठ टक्के, म्हणजे साडेसहा हजार, भांड्यास मिळतात. नुसती उष्णता तोलली तर एक किलो गॅस म्हणजे पावणेतीन किलो लाकूड. शिजलेले अन्न तोलले तर सोळा किलो. जिल्ह्याची ‘इंधनाची गरज’ यांपैकी कोणत्या मापाने काढली हे न सांगणारा तक्ता सहा पटींनी चुकू शकतो, आणि असे तक्ते आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. रेड्डी व त्यांचे सहकारी या भेदाविषयी जागरूक होते, हे त्याच केंद्रातून निघालेल्या सुधारलेल्या ‘अस्त्र ओले’ या चुलीवरून दिसते. कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल.

या अभ्यासाचा दुसरा धडा शेणाचा. गुरांची संख्या गुणिले दररोजचे शेण गुणिले दर किलोस मिळणारा वायू, हा गुणाकार पाठ्यपुस्तकांतून इतका स्थिरावला आहे की तो तपासून पाहावा असे कोणास वाटत नाही. पुरा येथे सामुदायिक गोबर वायू संयंत्राचा पहिला विचार स्वयंपाकासाठी होता. तो फसला, कारण सर्व घरांच्या चुलींना पुरेल इतका वायू मिळेना. गुरे दिवसभर रानात चरतात व तेथेच शेण टाकतात. संयंत्राच्या वाट्यास येते ते मुख्यतः रात्री गोठ्यात पडलेले. शिवाय अवर्षणाच्या वर्षी गुरेच कमी, आणि आहेत ती अर्धपोटी. पुढे सप्टेंबर 1987 पासून त्याच वायूवर इंजिन चालवून गावास दिवे व नळाचे पाणी देण्यात आले, आणि ही व्यवस्था जवळजवळ एक दशक चालली. शेण घालणाऱ्यास त्याच्या शेणाच्या प्रमाणात मळी खत म्हणून परत मिळे, व वर थोडा मोबदलाही. हा हिशेब फार शहाणपणाचा होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने शेण हे इंधनापूर्वी खत आहे हे त्यात गृहीत धरलेले होते, त्यामुळे घरटी देणे-घेणे मिटत असे. पुढे ते संयंत्र बंद पडले. त्याची कारणमीमांसा रेड्डींनी स्वतःच 2004 साली प्रसिद्ध केली, आणि अपयशाची अशी प्रांजळ चिकित्सा आपल्याकडे दुर्मिळ असल्यामुळे प्रत्येक विभागाच्या वाचनसूचीत तिचा समावेश असावा असे आम्हांस वाटते.

आता पिकांच्या अवशेषांकडे वळू. येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध प्रत्यक्ष येतो. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेचे अनिल राजवंशी यांनी 1995 साली असे प्रतिपादन केले की, तालुका हा ऊर्जेच्या स्वयंपूर्णतेचा एकक मानावा, आणि शेतात वाया जाणारे अवशेष व ऊर्जेसाठी घेतलेली पिके यांतून तालुक्याची गरज भागवावी. जिल्ह्याहून लहान एकक निवडण्यातील त्यांची दृष्टी योग्यच होती. उसाच्या पाचटापुरता त्यांचा मुद्दा सबळही आहे, कारण ते फडातच जाळण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ज्वारीच्या प्रदेशात हाच हिशेब लावू गेल्यास काय होईल? कडबा हा अवशेष नव्हे. सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या शेतकऱ्यास विचारावे, तो सांगेल की वाईट वर्षी धान्यापेक्षा कडब्यासाठीच ज्वारी केली. 2012-13 व 2015-16 या दुष्काळी वर्षांत छावण्या उभारून वैरण बाहेरून आणावी लागली. त्याच वर्षांसाठी काढलेला ‘जैवभाराचा अधिशेष’ गुणकाच्या जोरावर कागदावर तसाच राहतो.

तुमकूरमध्ये नाचणीचे काड व भुईमुगाचा पाला ही वैरण आहे. भुईमुगाची टरफले, तुराट्या, एरंडाची खुंटे यांना मात्र इंधन म्हणता येईल, आणि ती आज जळतच आहेत. फक्त ती विकत घेणारा कोणी नसल्यामुळे कोणत्याही नोंदवहीत ती नाहीत. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, तिपटूरकडे, नारळाच्या बागा आहेत. तेथील खोबऱ्याचा बाजार देशभर प्रसिद्ध आहे. झावळ्या, सोडणे व करवंट्या यांचे तेथे खरेच मोठे प्रमाण आहे, पण सोडणाला काथ्याचा व करवंटीला कोळशाचा ग्राहक आधीच उभा आहे. तिपटूर व पावगड यांची बेरीज करून दहाने भागले, म्हणजे तुमकूर जिल्ह्याची तालुकावार सरासरी मिळते. ती दहापैकी कोणत्याही तालुक्याचे वर्णन करीत नाही. भारतीय विज्ञान संस्थेतीलच टी. व्ही. रामचंद्र यांनी शेजारच्या कोलार जिल्ह्यात जैवसंपत्तीची उपलब्धता व मागणी यांचे गुणोत्तर तालुकावार मांडले, ते या दृष्टीने अधिक इष्ट होय. तरीही तेथे ‘उपलब्धता’ या शब्दाचा अर्थ पिकाखालच्या क्षेत्रावरूनच ठरतो.

2001 पासून जागतिक पर्यावरण निधी व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने तुमकूरमध्ये चाललेल्या ग्रामीण जैवऊर्जा प्रकल्पाविषयी थोडक्यात लिहितो. कोरटगेरे तालुक्यातील कब्बिगेरे येथे 500 किलोवॅटचा गॅसिफायर संच विजेच्या जाळ्यास जोडण्यात आला. तांत्रिक दृष्ट्या तो चालला, हे निर्विवाद. एका युनिटास सव्वा ते दीड किलो लाकूड लागते असे धरले, आणि संच वर्षात 6,000 तास पूर्ण भाराने चालावा अशी अपेक्षा केली, तर वर्षाला सुमारे 4,000 टन लाकूड हवे. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी पाच टन वाढ धरल्यास त्यासाठी 800 हेक्टर लागवड सतत राखावी लागेल. इतकी जमीन अर्ध्या मेगावॅटसाठी! तीवर आज शेळ्या कोणाच्या चरतात हा प्रश्न लागवडीच्या नकाशात उमटत नाही. विजेच्या खरेदीचा दर उत्पादनखर्चास पुरा पडत नव्हता, हीही अडचण होती. परंतु दर वाढवून मिळाला असता तरी लाकूड वाढले नसते.

येथवरची साधने गावाच्या आतली होती. सौर व वायुऊर्जेच्या बाबतीत मोजणारा गावापासून फारच दूर जाऊन बसतो, आणि म्हणून त्याचे आकडे अधिक भव्य होतात. वाऱ्याचे उदाहरण उद्बोधक आहे. देशाची वायुऊर्जेची क्षमता 50 मीटर उंचीवर सुमारे 49 गिगावॅट, 80 मीटरवर सुमारे 103, 100 मीटरवर 302, 120 मीटरवर 695, आणि 150 मीटरवर 1,164 गिगावॅट अशी क्रमाने सांगण्यात आली. वारा तोच आहे. मनोरे उंचावले, आणि जमिनीच्या योग्यायोग्यतेचे निकष बदलले. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे नुसत्या वार्षिक सरासरी वेगाचा घन करणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर वेगांची नेहमीची विभागणी धरल्यास खऱ्याच्या निम्म्यावर येते, हेही सांगून ठेवावयास हवे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ऋतूची. दख्खनच्या पठारावर वारा जोराचा तो जून ते सप्टेंबर. विहिरीवरील पंपास विजेची निकड ती फाल्गुन-चैत्रात. वार्षिक बेरजेत हे दोन्ही एकाच रकान्यात जातात.

सूर्याचे गणित तर जमिनीचेच गणित आहे. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने 2014 साली देशाची सौर क्षमता 749 गिगावॅट ठरविली, त्यांत महाराष्ट्राची 64 व कर्नाटकाची 25 च्या आसपास; यांमागील गृहीत असे की, पडीक जमिनीपैकी तीन टक्के जमीन फलकांखाली आणावी. तीनच टक्के का, याचे उत्तर सूर्याजवळ नाही. आणि पडीक कशास म्हणावे? उपग्रहाच्या छायाचित्रावरून काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी रान हा एक मोठा वर्ग असतो. त्या कोरड्या पट्ट्यात हे रान पुष्कळ ठिकाणी वेड्या बाभळीचे आहे; कन्नडमध्ये तिला ‘बळ्ळारी जाली’ म्हणतात. ज्यास नकाशा पडीक म्हणतो त्यातूनच पुरासारख्या गावाच्या 89 टक्क्यांतील मोळ्या येतात. म्हणजे एकाच भूखंडाची नोंद एका तक्त्यात सरपण म्हणून, दुसऱ्यात चराई म्हणून व तिसऱ्यात सौर क्षमता म्हणून होते, आणि शेवटी तिन्हींची बेरीज केली जाते.

पावगडात प्रत्यक्षात जे घडले त्याने हा पडीक जमिनीचा हिशेब आणखीच उघडा पाडला. तिरुमणी, बालसमुद्र, क्यातगानचर्लु, वळ्ळूर व रायचर्लु या पाच गावांच्या सुमारे 13,000 एकरांवर 2,050 मेगावॅटचे सौर क्षेत्र 2019 च्या अखेरीस पूर्ण झाले. ही जमीन बव्हंशी शेतकऱ्यांची खाजगी कोरडवाहू जमीन होती, भुईमुगाची. नकाशातली पडीक नव्हे. मेगावॅटमागे सहा एकरांहून अधिक जमीन लागली, चार-पाच एकरांचे प्रचलित मान नव्हे. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे : जमीन संपादन न करता ती 28 वर्षांसाठी वार्षिक एकरी 21,000 रुपये खंडाने घेण्यात आली, आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ ठरली. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. भारतातील औद्योगिक जमीनव्यवहारांच्या इतिहासात हे पाऊल पुढचेच आहे, आणि वारंवार बुडणाऱ्या भुईमुगाच्या तुलनेत तो खंड अनेकांना आकर्षक वाटला यात आश्चर्य नाही.

तथापि हा खंड शेवटच्या दोन वर्षांत सुमारे 39,600 रुपये होईल. दरम्यान वस्तूंच्या किमती वर्षाला पाच टक्क्यांनी वाढल्या असे धरले, तर त्या रकमेची क्रयशक्ती आरंभीच्या खंडाच्या निम्म्याहून किंचितच अधिक भरते. शिवाय हा खंड मिळतो तो ज्याच्या नावावर सात-बारासारखा स्वच्छ उतारा आहे त्यास. त्या शेतांत खुरपणीस व काढणीस जाणारी भूमिहीन मजुरीण, आणि पिकानंतर त्याच रानात मेंढ्या बसविणारा धनगर, यांचा त्या जमिनीशी संबंध होता, पण तो उताऱ्यावर नव्हता. संभाव्य क्षमतेच्या सूत्रात त्यांना शून्य किंमत दिलेली होती. करारपत्राने तेच शून्य कायम केले.

एक साधा हिशेब करून पाहा. 2,050 मेगावॅट क्षमतेचा वीस टक्के उपयोग झाला तर वर्षास सुमारे 359 कोटी युनिटे होतात. ती जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागली तर माणशी सुमारे 1,340 युनिटे येतात, म्हणजे देशाच्या दरडोई वीजवापराच्या तोडीचे मान. यासाठी जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा अर्धाच टक्का खर्ची पडला. प्रबंधाच्या भाषेत तुमकूर जिल्हा ‘स्वयंपूर्ण’ झाला. ही वीज उच्च दाबाच्या तारांनी बाहेर जाते, हे योग्यच आहे, राज्याच्या जाळ्यासाठीच ती केली आहे. कोळसा वाचतो हा लाभही लहान नाही. परंतु जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेली ऊर्जा व जिल्ह्यातील लोकांना लाभलेली ऊर्जा यांस एकच नाव देणे हा शब्दांचा घोटाळा आहे. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगरच्या 125 मेगावॅट सौर केंद्राविषयी (2013) वा ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांविषयी लिहिणाऱ्यांनीही हा घोटाळा टाळावा.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि आमच्या मते कोरडवाहू जिल्ह्याच्या बाबतीत तोच निर्णायक आहे. ऊर्जेची मागणी ही लोकसंख्येप्रमाणे वाढणारी स्थिर राशी मानली जाते. सिंचनाच्या बाबतीत ते सर्वथा खोटे आहे. एक घनमीटर पाणी 367 मीटर उचलण्यास तत्त्वतः एक युनिट लागते. पंप व मोटर यांची संयुक्त कार्यक्षमता 35 टक्के धरली, तर एक हेक्टरास 50 सेंटिमीटर पाणी देण्यास दहा मीटर खोलीच्या जुन्या विहिरीतून सुमारे 390 युनिटे, व दोनशे मीटर खोलीच्या विंधन विहिरीतून सुमारे 7,800 युनिटे लागतील. पीक तेच, पाणी तेवढेच. मागणी वीस पट. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, आणि 2019 नंतरच्या केंद्रीय योजनेने सौर पंपांचाही प्रसार केला. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्याची न्याय्य मागणी होय, रात्री साप-विंचवांत पाणी धरावे लागणाऱ्यास तिचे मोल कळते. तरीपण उपशाचा खर्च शून्य झाला म्हणजे पातळी खाली जाते, आणि पातळी खाली गेली म्हणजे पुढच्या वर्षीची ‘ऊर्जेची गरज’ वाढते. जो तक्ता ही वाढलेली गरज पाहून आणखी सौर क्षमता सुचवितो तो भूजलाच्या ऱ्हासास मागणी असे नाव देत असतो. पावगडच्या खोल पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण घातक आहे, तेव्हा तेथे प्रत्येक अधिक खोल गेलेला मीटर केवळ विजेच्या हिशेबाचा नाही.

विद्यार्थ्यांस करता येण्याजोगे काम या जिल्ह्यात अजून शिल्लक आहे. कुणिगलच्या सहा गावांची 1982 ची सारणी उपलब्ध आहे. तेव्हापासून घरोघर वीज आली, 2016 च्या योजनेने गॅसच्या जोडण्या आल्या, नारळाच्या बागा व विंधन विहिरी वाढल्या. तीच सहा गावे, तेच प्रश्न व तीच मापे घेऊन फेरमोजणी करावी. सिलिंडर किती घरांत आहे याबरोबर वर्षात किती वेळा भरला हे विचारावे, सरपणाचे वजन उन्हाळ्यात, पावसाळ्यात व सुगीत स्वतंत्र घ्यावे, आणि मोळी आणणारीबरोबर एकदा तरी चालत जावे. पावगडच्या पाच गावांची अशी आधीची सारणी कोणी केलेली आमच्या माहितीत नाही. तेथे आता कुंपणाबाहेर उरलेल्या रानापासूनच आरंभ करावा लागेल.